दोन कंडक्टर, एकच डेपो

भोर-वेल्ह्यात जमीन कोण विकतंय यापेक्षा जमिनीबद्दल कोण विचारतंय, ही बातमी लवकर पसरते. भाटघरच्या किंवा पानशेतच्या पाण्याकाठचा एखादा गट, डोंगरउतारावरचं पडीक रान, हायवेला लागून असलेली दोन एकरं. पुण्याचा पैसा या तालुक्यांत शिरल्यापासून इथे जमिनीइतकीच प्रश्नालाही किंमत आली आहे. (वेल्हे तालुक्याचं सरकारी नाव आता राजगड आहे, बोलण्यात अजून वेल्हेच.) तुम्ही सकाळी जुना फेरफार काढायला जाता आणि संध्याकाळी टपरीवर कुणीतरी हसत विचारतं, ‘काय, वाटणीचं काढलंय वाटतं?’

म्हणून ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला व्हीपीएन कशाला?’ असं इथला कुणी म्हणाला, की मला आश्चर्य वाटतं. सातबारा लपलेला नसतोच. लपवायचं असतं ते एवढंच, की तो आत्ता मी बघतोय.

पुणे जिल्ह्याला या माहितीची किंमत ठाऊक आहे. मावळात तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात कागद मागवत, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमीन व्यवहारांतली लबाडी बाहेर काढत. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. ते उघडपणे, स्वतःच्या नावाने विचारत होते. कुठलंही ॲप त्यांना वाचवू शकलं नसतं. पण ‘कोण’ आणि ‘काय विचारतोय’ या दोन गोष्टी चुकीच्या हातात एकत्र पडल्या की काय होऊ शकतं, हे त्यानंतर तरी आपण विसरू नये.

इंटरनेटवरची गोपनीयता म्हणजे या दोन गोष्टी कुणा एकाच्या हातात पडू न देणं. मल्टी-हॉप व्हीपीएनची कल्पना यावरच उभी आहे. आणि ज्या कंपन्या ती विकतात, जे सरकार तिच्यावर नियम करतं, ते दोघेही नेमकं हेच मोडतात.

आधी साधा हिशोब. व्हीपीएन नसताना तुमची मोबाइल कंपनी दोन्ही गोष्टी जाणते. सिम कुणाच्या आधारवर आहे ते तिला माहीत असतं आणि फोन कुठल्या साइटशी बोलला तेही. पत्त्याआधी एचटीटीपीएस असेल तर पानावर काय वाचलं ते दिसत नाही, पण साइट कोणती ते बहुतेक वेळा कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून या कंपन्यांना कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

एक व्हीपीएन लावला की मोबाइल कंपनीला एवढंच दिसतं, की तुम्ही एका सर्व्हरशी बोलताय. पुढचं सगळं त्या व्हीपीएनवाल्याला दिसतं. म्हणजे वही फक्त एका दुकानदाराकडून दुसऱ्याकडे गेली.

दोन सर्व्हर लावले की गोष्ट बदलते. वेल्ह्याहून स्वारगेटला जाणारा माणूस नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर उतरून दुसरी गाडी पकडतो, तसं समजा. पहिल्या कंडक्टरला माहीत आहे की हा वेल्ह्याचा, पण तो पुढे कुठे गेला हे नाही. दुसऱ्याला माहीत आहे की हा स्वारगेटला उतरला, पण तो फाट्यावर कुठून आला हे नाही. फोनमधून निघतानाच माहितीवर कुलुपाचे दोन थर चढतात. पहिला सर्व्हर वरचा थर काढतो आणि त्याला फक्त पुढच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो. दुसरा आतला थर काढतो, त्याला साइट दिसते, पण पाठवणारा म्हणून पहिला सर्व्हरच दिसतो. उद्या दुसरा सर्व्हर कुणी जप्त केला, तरी माग पहिल्यापर्यंतच लागतो.

आता जाहिरातीकडे वळू. ‘डबल व्हीपीएन, दुप्पट सुरक्षा’ म्हणून जे विकतात, त्यात बहुतेक वेळा दोन्ही सर्व्हर एकाच कंपनीचे असतात. कंडक्टर दोन, पण रात्री दोघं एकाच डेपोत हिशोब देतात. डेपो मॅनेजरने दोन्ही तिकीटवह्या शेजारी ठेवल्या की झालं. वाटेवर उभं राहून बघणाऱ्यापासून अशी सोय थोडी वाचवते, पण कंपनीपासून अजिबात नाही. तरीही ती विकली जाते ‘कुणालाच काही कळत नाही’ म्हणून. शिवाय तुम्ही वर्गणी स्वतःच्या यूपीआयवरून भरलेली असते. म्हणजे ‘कोण’ हे तुम्हीच लिहून दिलंत.

फुकटवाल्यांचं तर बोलायलाच नको. ओनावो नावाची कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. ‘तुमची माहिती सुरक्षित ठेवतो’ म्हणत तिच्या व्हीपीएनने लोक कुठली ॲप किती वापरतात हे गोळा करून फेसबुकला पुरवलं. ते २०१९ मध्ये बंद झालं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना त्यासाठी मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

दुसरा वादी सरकार. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पडताळलेला पत्ता, फोन नंबर, ईमेल, त्याला दिलेला आयपी पत्ता आणि सेवा कशासाठी घेतली तो हेतू, हे सगळं नोंदवायचं आणि ग्राहक सोडून गेल्यावरही किमान पाच वर्षं जपायचं. यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे ते वेगळेच. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना मात्र यातून सूट आहे. म्हणजे हिंजवडीतल्या ऑफिसने झाकून बोललं तर तो कामाचा भाग, आणि वेल्ह्यातल्या पोराने झाकून विचारलं तर त्याने हेतू लिहून द्यायचा!

सरकारचा युक्तिवाद पोकळ नाही. ऑनलाइन फसवणुकीत गावागावात लोकांचे पैसे गेलेत आणि चोर व्हीपीएनमागे लपतात हेही खरं आहे. पण चोर स्वतःच्या खऱ्या नावाने वर्गणी भरेल, असं कुणाला वाटतं? वहीत नाव चढतं ते सरळ माणसाचं. एखाद्या गुन्ह्यात, एखाद्या संशयितावर, कायदेशीर आदेशाने तपास व्हावा. ते एक. गुन्हा घडण्याआधीच सगळ्यांची वही तयार ठेवायची, हे दुसरं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला. तो हक्क हेतू लिहून दिल्यावरच मिळणारा नव्हता. आणि वही एकदा तयार झाली की ती फक्त पोलिसांच्याच हाती पडेल, याची हमी कोण देणार? फेरफाराची बातमी टपरीपर्यंत कशी पोचते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

‘पण वेगवेगळ्या हातांत ठेवणं जमतं कुठे?’ जमतं. टॉर हेच करतो. त्याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पुढे आली. आज त्यात जगभरातले स्वयंसेवक आणि संस्था आपापले सर्व्हर चालवतात. तुमची वाट तीन सर्व्हरांतून जाते, आणि ते सहसा तीन वेगळ्या हातांतले असतात. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या प्रायव्हेट रिलेत पहिला सर्व्हर ॲपलचा आणि दुसरा दुसऱ्याच कंपनीचा असतो, पण ते पैसे भरणाऱ्या आयफोनवाल्यांसाठी. थोडक्यात, अडचण तंत्राची नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर आपणही जाहिरातच करू. वेल्ह्याच्या स्टँडवर एक आणि स्वारगेटला एक माणूस घड्याळ लावून बसला, तर वेळा जुळवून तो तुम्हाला ओळखू शकतो. दोन्ही टोकं बघणाऱ्यापुढे मल्टी-हॉप दुबळा पडतो. सरकारी भूलेखच्या साइटवर विनास्वाक्षरी सातबारा बघायलाही मोबाइल नंबर टाकावा लागतो. तिथे दहा सर्व्हर मध्ये घातले तरी नाव तुम्हीच दिलेलं असतं. गूगलवर लॉगिन करून शोधलंत, तर तेच. आणि भाऊ फोन हातात घेऊन हिस्ट्री बघत असेल, तर शरीराबद्दलचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कुठलाही व्हीपीएन वाचवत नाही.

खुद्द फोन किंवा लॅपटॉपच फुटलेला असेल, तर वाट झाकून उपयोग नाही. पुण्यात दाखल झालेल्या एल्गार परिषद प्रकरणात आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. घुसखोराकडे त्या लॅपटॉपचा ताबा सुमारे २२ महिने होता आणि त्याने त्यात फाइली पेरल्या, असं फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या त्यांच्या अहवालात म्हटलं आहे. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. पण धडा साधा आहे. चोर घरातच असेल, तर फाट्यावर गाडी बदलून काय होणार?

म्हणून मल्टी-हॉप कधी लावायचा ते ठरवा. रील बघायला नको. डोंगराआड एक काडी रेंज असताना तीन देशांतून फिरून येणारी माहिती मरणाची हळू येते. पण रिंगरोडची आखणी, खाणीची परवानगी, एखाद्या बिल्डरचे जुने खटले, गर्भपाताचा कायदा, पगार बुडवणाऱ्या मालकाविरुद्धची तक्रार, असं काही शोधताना लावा. तेव्हा लॉगिन काढा, फुकटचं ॲप टाळा, आणि दोन्ही सर्व्हर कुणाच्या मालकीचे आहेत हा प्रश्न आधी विचारा. उत्तर एकच नाव असेल, तर दुपटीचे पैसे देऊ नका.

आणि सरकारकडे मागायचं ते एवढंच: २०२२ च्या आदेशातली ग्राहकांची सरसकट नोंद आणि हेतूचा रकाना काढून टाका. ज्याच्यावर संशय आहे त्याचा आदेश घेऊन या. बाकीच्यांना आपल्याच तालुक्याबद्दल, आपलं नाव न सांगता, प्रश्न विचारू द्या.