न दिसणारें भूत

भुताखेतांचे बोलपट मुलांस दाखवूं नयेत असें पुष्कळ पालकांचें मत आहे, आणि अशा बहुतेक बोलपटांविषयीं आम्हीही त्यांच्याच पक्षाचे आहोंत. तथापि एका बोलपटापुरता अपवाद करावा, अशी आमची विनंति आहे. तो म्हणजे रॉबर्ट वाइज यांनीं १९६३ सालीं काढलेला ‘दि हॉंटिंग’. आम्हीं तो नुकताच पुन्हां पाहिला. पहिल्या खेपेस आम्हांस केवळ भीति वाटली होती. या खेपेस वाईट वाटलें, आणि तें वाटणें पुष्कळ दिवस टिकलें.

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेच्या १९५९ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. न्यू इंग्लंडमधील हिल हाउस नांवाच्या नव्वद वर्षांच्या अपशकुनी वाड्यांत डॉक्टर मार्कवे हे संशोधक भुताटकीचा शास्त्रीय तपास करण्यासाठीं थोडीं माणसें जमवितात. कथा अमेरिकेंतली असली तरी चित्रण इंग्लंडांत झालें. वाड्याचें बाह्यरूप वॉरिकशायरमधील एटिंग्टन पार्कचें आहे.

या वाड्यांतील भूत आरंभापासून अखेरपर्यंत एकदांही दिसत नाहीं! भिंतीपलीकडून ठोके ऐकूं येतात, दाराची मूठ सावकाश फिरते, आणि भक्कम लांकडी दार आंतल्या बाजूस फुगून येतें. एवढेंच. चित्रणासाठीं वापरलेलें एक भिंग अद्याप निर्दोष झालें नव्हतें, त्यांतून रेषा वांकड्या दिसत. वाइज यांस नेमका तोच दोष हवा होता. पुढें १९९९ सालीं हीच कथा पुन्हां चित्रित झाली. तींत संगणकाच्या साह्यानें सर्व कांहीं डोळ्यांसमोर आणून ठेवलें आहे. आम्हीं तें पाहिलें आणि विसरलों.

पण ते ठोके विसरतां येत नाहींत. एलिनॉर (ही भूमिका जूली हॅरिस यांची) हिचें तारुण्य आजारी आईच्या शुश्रूषेंत गेलें. आईला औषध हवें असलें म्हणजे ती भिंतीवर ठोकी. एका रात्रीं तिनें ठोकलें, एलिनॉर गेली नाहीं, आणि आई वारली. हिल हाउसमध्यें पहिल्या रात्रीं भिंतीवर ठोके पडतात तेव्हां अर्धवट झोपेंत ती आईलाच ओ देते. ज्यानें कधीं घरांतील आजाऱ्याची हांक ऐकून न ऐकल्यासारखी केली असेल, त्यास या प्रसंगीं भुताची वाट पाहावी लागत नाहीं.

तिला स्वतःचें घर नाहीं. बहिणीच्या दिवाणखान्यांत कोचावर ती निजते. मोटारींत तिचा अर्धा वाटा, तरी बहीण ती नेऊं देत नाहीं, म्हणून न विचारतां नेते. मग वाड्याच्या भिंतीवर खडूनें तिचें नांव उमटलेलें आढळतें. ती घाबरते, आणि मनांतल्या मनांत सुखावतेही. कोणास तरी आपण हव्या आहोंत! आमच्या मतें बोलपटांतील खरें भयानक दृश्य हेंच. वर्गांतील ज्या मुलाला खेळांत कोणी घेत नाहीं, त्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

शेवट कठोर आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. वाड्याच्या पहिल्या मालकिणीची बग्गी ज्या झाडावर आदळली होती, त्याच झाडावर एलिनॉरची मोटार आदळते. म्हणून लहान वर्गांस हा बोलपट दाखवावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण याच वाइज यांचा १९६५ मधील ‘साउंड ऑफ म्यूझिक’ आपण मुलांस हौसेनें दाखवितों. तर वरच्या वर्गांस, पालकांसमवेत, हाही दाखविण्यास हरकत कोणती? दिवे लागल्यावर भुताविषयीं प्रश्न पुष्कळ निघतील. आम्हांस मात्र मुलांकडून त्या बहिणीविषयींचें मत ऐकावयाचें आहे.