लिटल रॉकचे हायस्कूल : दार उघडले, धडा वादात

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक येथील सेंट्रल हायस्कूलमध्ये सप्टेंबर १९५७मध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लष्कराच्या पहाऱ्यात वर्गापर्यंत जावे लागले होते. त्याच शाळेतील एक शिक्षिका आणि काही विद्यार्थी मार्च २०२४मध्ये राज्य सरकारविरुद्ध फेडरल न्यायालयात गेले. या वेळी वाद प्रवेशाचा नव्हता. वंशभेदाविषयी वर्गात काय शिकवता येईल, हा प्रश्न होता. जुलै २०२५मध्ये अपील न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयाची अंशतः स्थगिती उठवली आणि या शाळेचा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. सरकारी शाळा नेमकी कोणाची?

या शाळेची भव्य इमारत १९२७मध्ये उभी राहिली. त्या काळी तिच्यावर १५ लाख डॉलर खर्च झाले आणि देशातील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिचा गौरव झाला. दोन वर्षांनी त्याच शहरात कृष्णवर्णीयांसाठी डनबार हायस्कूल बांधले गेले, ते सुमारे ४ लाखांत आणि तेही काही अंशी देणगीच्या आधारे. ‘वेगळे, पण समान’ या सूत्राचा फोलपणा एवढ्या दोन आकड्यांतून कळावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४मध्ये हे सूत्र घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर शिक्षण मंडळाने प्रवेशाची अतिशय संथ योजना आखली. ती अमलात आणताना शहराच्या श्रीमंत पश्चिम भागात १९५७मध्ये उघडलेले नवे हॉल हायस्कूल पूर्णपणे गोऱ्यांचे राहिले. एकत्र शिक्षणाचा प्रयोग झाला तो सेंट्रलमध्ये, जिथे सामान्य नोकरदार आणि कामगार घरांतील गोरी मुले मोठ्या संख्येने होती. पुढच्या उद्रेकामागे वर्णद्वेष होताच, पण आपल्याच मुलांवर हे लादले जात आहे, या वर्गीय रागाचाही त्यात वाटा होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी तो राग अचूक हेरला आणि नॅशनल गार्डचे जवान शाळेच्या दारात उभे केले.

४ सप्टेंबरला मुलांनी एकत्र जाण्याचे ठरले होते. एलिझाबेथ एकफर्ड यांच्या घरी टेलिफोन नसल्याने तो निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी एकटीच जमावाला सामोरी गेली. तिचे छायाचित्र जगभर गाजले. अखेर २४ सप्टेंबरला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवण्याचा आदेश दिला आणि दुसऱ्या दिवशी नऊही जण शाळेत पोहोचले.

इतिहासाची पुस्तके बहुधा इथेच थांबतात. विद्यार्थ्यांचे खरे वर्ष मात्र त्यानंतर सुरू झाले. सुमारे दोन हजार गोऱ्या विद्यार्थ्यांत हे नऊ जण होते. सैनिक व्हरांड्यापर्यंत सोबत करीत, पण वर्गात, स्नानगृहात, जिन्यावर सोबत कोण करणार? धक्के, थुंकणे, शिवीगाळ रोजचीच होती. खेळ, वाद्यवृंद, नाटक यांत भाग घेण्यास या नऊ जणांना मनाई होती. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या अर्नेस्ट ग्रीन यांनाही त्यामुळे शाळेच्या बँडपासून दूर राहावे लागले. उपाहारगृहात वाट अडवणाऱ्या मुलांवर मिनीजीन ब्राउन यांच्या हातातील खाद्यपदार्थ सांडला आणि त्यांना निलंबित करण्यात आले. फेब्रुवारी १९५८मध्ये त्यांना शाळेतून काढूनच टाकले. एक गेली, आठ उरले, अशा अर्थाची कार्डे मग शाळेत फिरू लागली. मे महिन्यात ग्रीन ६०२ विद्यार्थ्यांच्या तुकडीतून पदवीधर झाले. त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

१९५८-५९चे वर्ष तर शाळाच उघडली नाही. गव्हर्नरांनी शहरातील चारही सरकारी हायस्कुले बंद केली. मतदारांनी १९,४७० विरुद्ध ७,५६१ मतांनी एकत्र शिक्षण नाकारले. ३,६६५ विद्यार्थी वाऱ्यावर सोडले गेले. करारबद्ध शिक्षक रिकाम्या वर्गांत येऊन बसत. शाळेचे फुटबॉल सामने मात्र सुरू राहिले! सरकारी शाळा खासगी संस्थेला भाड्याने देण्याचा डाव न्यायालयाने हाणून पाडला, तरी गोऱ्यांसाठी एक खासगी हायस्कूल निघालेच. मे १९५९मध्ये ४४ शिक्षक व कर्मचाऱ्यांना काढण्याचा प्रयत्न झाला. त्यावर शहरातील महिला आणि व्यापारीवर्ग उठला, मंडळातील कडव्या सदस्यांना मतदानाने परत बोलावण्यात आले आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या.

१९९७मध्ये चाळिसाव्या वर्धापनदिनी अध्यक्ष बिल क्लिंटन आणि गव्हर्नर माइक हकाबी यांनी त्या नऊ जणांसाठी शाळेचे दार स्वतः उघडून धरले. पुढच्याच वर्षी शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. समोरचा पेट्रोलपंपही तेव्हाच्या रूपात जपला आहे. पण दार उघडले म्हणजे वर्ग उघडला असे नव्हे. पन्नासाव्या वर्षी, २००७मध्ये, एचबीओने दाखवलेल्या माहितीपटात वेगळेच चित्र होते. शाळेत कृष्णवर्णीयांची संख्या अधिक, तरी प्रगत अभ्यासक्रमाच्या वर्गांत गोऱ्यांचाच भरणा.

हकाबी यांची कन्या सारा हकाबी सँडर्स याच शाळेच्या २००० सालच्या विद्यार्थिनी. गव्हर्नर झाल्यावर मार्च २०२३मध्ये त्यांनी ‘लर्न्स’ कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याविरोधात सेंट्रलच्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून निदर्शने केली होती. या कायद्याने खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी निधी मिळू लागला. २०२५-२६पासून ही योजना सर्व विद्यार्थ्यांना खुली आहे. तिची १९५८च्या डावाशी थेट तुलना करणे अन्यायाचे ठरेल, कारण आजची योजना वर्ण पाहत नाही. तरीही सरकारी शाळेतून पैसा बाहेर जाण्याची धास्ती या शहरात इतरांपेक्षा खोल असेल, तर त्यात नवल नाही.

खरा पेच कायद्याच्या सोळाव्या कलमाचा. विशिष्ट विचारसरणी, विशेषतः ‘क्रिटिकल रेस थिअरी’, मुलांच्या माथी मारू नये, असे ते सांगते. मुलांना विचार करायला शिकवावे, विचार लादू नयेत, ही सरकारची भूमिका. वरकरणी तीत गैर काही नाही. पण ऑगस्ट २०२३मध्ये, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, राज्याने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास या प्रगत विषयाची मान्यता काढली. सेंट्रलने विषय शिकवणे थांबवले नाही. त्या नऊ जणांपैकी काहींनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२४-२५साठी सुधारित विषयाला मान्यता मिळाली, तरी लादणे कुठे संपते आणि शिकवणे कुठे सुरू होते, हे संदिग्धच राहिले. अशा संदिग्धतेत शिक्षक स्वतःच हात आखडता घेतात.

अभ्यासक्रम ठरवणे हा शासनाचाच अधिकार असून विद्यार्थी त्याला अमुक शिकवाच असे भाग पाडू शकत नाहीत, असे अपील न्यायालयाचे म्हणणे आहे. कायद्याच्या दृष्टीने ते सहज खोडता येणारे नाही. उद्या सत्तांतर होऊन उलट टोकाचा अभ्यासक्रम आला, तर त्यालाही हेच तत्त्व लागू पडेल. १९५७मध्ये विद्यार्थ्यांच्या पाठीशी फेडरल न्यायालय आणि सैन्य दोन्ही होते. पाठ्यक्रमाच्या लढाईत तूर्त तरी त्यांना आमदार आणि गव्हर्नर निवडणाऱ्या मतदारांकडेच जावे लागणार आहे, आणि हायस्कूलच्या बहुतेक विद्यार्थ्यांना अजून मतदानाचा हक्क नाही.