दवण्याचा चिनी भाऊबंद

चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो. त्याच प्रजातीतील चिंगहाओ या चिनी वनस्पतीने हिवतापाने मरू घातलेल्या लक्षावधी माणसांना जीवदान दिले. तिच्या पानांतील आर्टेमिसिनिन या द्रव्याची कथा ग्रंथाभिमान्यांनी आणि ग्रंथांची टवाळी करणाऱ्यांनी, दोघांनीही ऐकावी अशी आहे.

२३ मे १९६७ रोजी चीनने ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप व्हिएतनामच्या जंगलांत सैनिकांना लोळवीत होता. निमित्त युद्धाचेच होते. १९६९ मध्ये या कामात आलेल्या तू यूयू यांनी सुमारे दोन हजार जुने पाठ चाळले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क काढून पाहिले. चिंगहाओ कधी गुण देई, कधी नाही. उलगडा झाला तो चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात. मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे तेथे होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण जात असावा हे ताडून तू यांनी ३५ अंशांच्या सुमारास उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील परजीवींचा निःपात केला. १९७२ मध्ये त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला, मगच रुग्णांना दिला. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते यासाठी.

या द्रव्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा पूल असतो. परजीवी रक्तद्रव्य खातो, त्यातून सुटलेल्या लोहयुक्त पदार्थाशी गाठ पडताच तो पूल तुटतो आणि खाणाराच मरतो. आमच्या मते खरा बोध मात्र रसायनाबाहेरचा आहे. ग्रंथाने इशारा दिला. चिंगहाओ नावाने वापरल्या जाणाऱ्या अनेक वनस्पतींपैकी नेमकी कोणती, तिचा कोणता भाग, कोणत्या ऋतूतला, हे प्रयोगशाळेने ठरविले. ‘आमच्या पोथ्यांत सर्व आहे’ म्हणणारे हा दुसरा अर्धा भाग सोयीने गाळतात.

हल्ली या पाल्याचा काढा वा चहा घरी करून पिण्याची टूम निघाली आहे. ती धोक्याची आहे. पानांतील द्रव्याचे प्रमाण जागेगणिक बदलते आणि अपुऱ्या मात्रेत परजीवी मरत नाही, निर्ढावतो. कंबोडियात अशी प्रतिकारशक्ती २००८ च्या सुमारास दिसून आली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना हे द्रव्य दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यावे असे सांगते आणि पानांच्या चहाला मान्यता देत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत हिवतापाने घातलेले थैमान ज्यांना आठवते, त्यांना अधिक सांगणे नलगे. ताप आला की रक्त तपासावे, दिलेली मात्रा पुरी करावी.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. सतराव्या शतकात कोचीनच्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या कोंकणी वैद्यांनी ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथासाठी आपली विद्या मोकळी केली, म्हणून ती उरली. गावोगावच्या वृद्ध वैद्यांची विद्या मात्र त्यांच्याबरोबरच चितेवर जाते. सरकारने व विद्यापीठाने ती वनस्पतीच्या नमुन्यासह नोंदवावी, वैद्याचे नाव व हक्क राखावा, आणि नंतर एकेक पाठ निर्दयपणे तपासावा. दहांतले नऊ खोटे ठरले तरी हरकत नाही. तू यांच्या ३८० अर्कांतला शेवटी एकच कामी आला.