लोणारचे जिवाणू पारसला, पण चिमणीच्या माफीसाठी नव्हे



कार्बन डायऑक्साइड खाऊन इंधन देणाऱ्या जिवाणूंविषयी हल्ली बरेच बोलले जाते. अशा जिवाणूंचा प्रयोग वऱ्हाडात व्हायला हवा. त्यासाठी लागणारे सारे आपल्याकडे आहे: अकोला जिल्ह्यातले पारसचे औष्णिक वीज केंद्र, पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आणि लोणारचे सरोवर.

लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. स्पिरुलिनाच्या जातकुळीचे नील-हरित जिवाणू (म्हणजेच नील-हरित शेवाळ) तिथे मुळातच फोफावतात. अशा अल्कधर्मी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सहज मुरतो, आणि हे जिवाणू उन्हाच्या बळावर तो शरीरात साठवतात. त्यांच्यासाठी केलेल्या तळ्यावरची हिरवी साय गोबरगॅसच्या टाकीत घातली की मिथेन मिळतो. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी पिण्याला नाही, ओलितालाही धड नाही. या जिवाणूंना ते मानवते का, हे तपासण्याजोगे आहे.

पण पारसच्या चिमणीतला वायू अशा तळ्यांत सोडला म्हणून ती चिमणी निर्दोष ठरत नाही. पारसचे 500 मेगावॅट पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला दहा हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक किलो सुके शेवाळ साधारण 1.8 किलो वायू पोटात घेते. चांगल्या दिवशी हेक्टरभर उघड्या तळ्यात दीडशे किलोच्या आसपास शेवाळ निघते. म्हणजे जेमतेम पाव टन वायू. सगळा धूर जिरवायचा तर सुमारे चाळीस हजार हेक्टर तळी लागतील. शिवाय मिथेन जाळला की तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत जातो. वाचते ते फक्त त्याच्या बदल्यात न जाळलेले इंधन. एक्सॉनमोबिल या बड्या तेल कंपनीनेही 2009 पासून शेवाळापासून तेल काढण्यावर पैसा ओतला आणि 2023 मध्ये हात काढून घेतला.

म्हणून माझी मागणी माफक आहे. पारस केंद्र चालवणारी महानिर्मिती, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ यांनी मिळून पारसला एका हेक्टरवर प्रयोग करावा. लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. सरोवराला धक्का न लावता प्रयोगशाळेत वाढवलेलेच जिवाणू वापरावेत. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात किती पाणी उडाले, किती गॅस निघाला, खर्च किती आला, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. उरलेले खारे पाणी शेतात सोडू नये. आणि या प्रयोगाचे नाव पुढे करून कोळशाचा एकही नवा संच मंजूर करू नये.

— एक वाचक, अकोला