वार्षिकांकाची वेलबुट्टी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांक हाती पडला की आपण आधी आपले नाव शोधतो, मग मित्राचे, मग छायाचित्रांची पाने उलटतो. पानाच्या चारी बाजूंनी फिरणाऱ्या नक्षीकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. तरीही ती नसली तर अंक ओकाबोका दिसेल, असे संपादक मंडळाच्या बैठकीत ठामपणे सांगण्यात आले. यंदा त्या मंडळात मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे. चहा आला आणि माझे बोलणे अर्धेच राहिले, ते येथे पुरे करतो. वडीलधाऱ्यांनी रागावू नये.

माझे म्हणणे असे, की आपल्या अंकात पानोपानी जी किनार दिसते ती कोणी ठरवून घातलेली नसते. ती आपोआप येते, आणि येताना लिहिणाऱ्यांची जागा घेऊन बसते.

खिळ्यांच्या छपाईच्या काळी किनार म्हणजे जुळाऱ्याची कसोटी असे. नक्षीचे एकेक धातूचे तुकडे एकापुढे एक लावायचे, कोपरे जमवायचे, मग सगळा फर्मा घट्ट आवळायचा. कोपऱ्यात फट राहिली तर ती कागदावर उमटणारच. एवढे कष्ट पानापानाला कोण घेणार? म्हणून किनार मुखपृष्ठाला, लग्नपत्रिकेला, मानपत्राला मिळे. आतल्या पानाला मिळाली तर तिथे काही विशेष आहे हे वाचणाऱ्याला कळे. वर्तमानपत्रातली काळी चौकट घ्या. एक अक्षर न वाचता तिचा अर्थ समजतो.

१९८५ साली ऑल्डस कंपनीचे 'पेजमेकर' आले आणि टेबलावरच्या संगणकावर पान मांडता येऊ लागले. पुढे १९९४ साली ते ॲडोबीकडे गेले. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, पण आपल्याकडच्या कित्येक डी.टी.पी. करणाऱ्यांनी त्याला नंतरही सोडले नाही. त्यात 'मास्टर पेज' नावाची सोय आहे. या पानावर एकदा किनार ठेवली की ती अंकाच्या सगळ्या पानांवर दिसू लागते. सोय मोठी आहे, पृष्ठांक टाकायला तर फारच उपयोगी. पण जुळाऱ्याचे कष्ट गेले तसा त्या कष्टांमुळे करावा लागणारा विचारही गेला. मजकूर यायच्या आधीच किनार येऊन बसते.

त्याने काय होते ते गेल्या वर्षीच्या अंकात पाहा. सगळ्या पानांना तांबड्या मॅपलच्या पानांची किनार आहे. कॅनडाच्या झेंड्यावर असते तेच पान. आपल्या ग्रंथालयातील दिवंगत सेवकांना वाहिलेल्या श्रद्धांजलीच्या पानालाही तीच! हा कोणाचा दुष्टावा नव्हता. एका पानापुरती मास्टरवरची नक्षी लपवायची तर एका ठिकाणची खूण काढावी लागते, ती कोणी काढली नाही, एवढेच. ज्या गृहस्थांनी आम्हाला पुस्तके शोधून दिली त्यांच्या छायाचित्राभोवती आमच्याकडून एक साधी काळी रेघ ओढली गेली नाही. वर्डमधल्या तयार किनारींची गंमत तर विचारूच नका. सफरचंदे, केकचे तुकडे, आइस्क्रीमचे कोन, सगळे रांगेने उभे असतात. आमच्या वर्गात एकाने दुष्काळावरचा प्रकल्प केकच्या किनारीत सादर केला, आणि त्याला 'सजावट उत्तम' असा शेराही मिळाला.

आता जागेचा हिशेब. मी कलाशाखेचा असलो तरी गुणाकार येतो. ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटरचे. चारी बाजूंना २० मिलिमीटरचा समास सोडला तर मजकुराला १७० बाय २५७ उरतात. आता किनार घाला. छापून झाल्यावर अंक तीन बाजूंनी कापला जातो, म्हणून किनार कडेपासून निदान १२ मिलिमीटर आत हवी. किनारीची रुंदी १०, आणि अक्षरे तिला चिकटू नयेत म्हणून आत ८ मोकळे. म्हणजे प्रत्येक बाजूला ३० गेले. मजकुराला उरले १५० बाय २३७. क्षेत्रफळ काढून पाहा, शेकडा अठराहून अधिक जागा गेली. किनारीच्या शंभर पानांत मावतो तो मजकूर बिनकिनारीच्या ब्याऐंशी पानांत बसेल.

आणि याच अंकासाठी आलेल्या कथा-कवितांवर 'जागेअभावी' असा शेरा पडतो! आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळजण आहेत, ज्यांच्या घरात छापील कागदावर नाव येण्याचा प्रसंग याआधी लग्नपत्रिकेखेरीज आलेला नाही. अशा एखाद्या मुलीने वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलेली कथा परत जाते आणि तिच्या जागी मॅपलची पाने छापली जातात. मला हे सहन होत नाही.

बैठकीत एक सर हसत म्हणाले, "अरे, तू येवल्याचा ना? मग पैठणी काठाशिवाय असते का?" माझे वडील मागावर पैठणी विणतात हे त्यांना ठाऊक आहे. सुट्टीत घरी गेल्यावर मी हाच प्रश्न वडिलांना विचारला. ते म्हणाले, "काठ मागून डकवत नाहीत बाळा. अंगाबरोबर विणायचा असतो. दोन काठांचे दोन धोटे, अंगाचा तिसरा. एकमेकांत अडकवत जायचं. काठाचा ताण चुकला की अंगाला चुण्या पडतात." शिवाय पैठणी पाहण्यासाठी आहे, पान वाचण्यासाठी. सरांना माझे हे उत्तर.

पण घरातल्याच दुसऱ्या एका गोष्टीने माझा मुद्दा मला वाटला होता तितका सोपा राहिला नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही. गेल्या वर्षी माझी कविता छापून आली तेव्हा तिने ते पान मांडीवर घेतले, अक्षरांकडे थोडा वेळ पाहिले आणि मग किनारीवरून बोट फिरवीत राहिली. त्या पानावर तिला वाचता येण्यासारखे तेवढेच होते. नंतर तिने विचारले, "ही कशाची पानं रे?" मला धड सांगता येईना. नारळी काठ कुठला आणि मुनिया कुठला हे जिला दहा हातांवरून ओळखता येते, तिला आपल्या अंकाने न ओळखता येणारे झाड दिले होते.

तेव्हा किनार नकोच, असे मी म्हणत नाही. ती असावी, पण मुखपृष्ठाला, प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानाला, आणि जिथे मजकूरच ती मागतो तिथे. ती आपल्यापैकी कोणीतरी हाताने काढावी. आपल्याकडे रांगोळी काढणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या मुली काय कमी आहेत? कागदावर काळ्या शाईने काढून दिले तर डी.टी.पी.वाले ते स्कॅन करून घेतील. बाकीच्या पानांना समास पुरे. जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही कडेची जागा मोकळी सोडीत, आणि लिहिताना राहून गेलेली अक्षरे तिथे घालीत.

यंदाची पाने अजून जुळवली जायची आहेत. मास्टर पेजवर फक्त पृष्ठांक असावा, आणि वाचलेल्या पानांत परत गेलेल्या लेखनापैकी काय काय बसते ते संपादक मंडळाने पुन्हा एकदा पाहावे, अशी माझी लेखी विनंती आहे. परत गेलेल्या लेखनाची यादी मी सोबत जोडली आहे.