उंची वाढली, कॅस्टर हरवला

मारुती सुझुकीची जिम्नी भारतात 2023 मध्ये आली आणि लगेच तिला लिफ्ट किट बसवायची हौसही आली. दोन इंच उंची वाढली की दगडधोंडे सुखाने पार होतात, हे खरेच. पण हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगाला गाडी डावी-उजवीकडे भरकटू लागते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. मग गॅरेजवाला स्टिअरिंग डॅम्पर सुचवतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! डॅम्पर थरथर दाबतो, भूमिती बदलत नाही. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असून रेडियस आर्म्सनी चॅसीला जोडलेला आहे. चॅसी वर उचलली की आर्म्स खाली झुकतात, अ‍ॅक्सल फिरतो आणि चाकांना सरळ ठेवणारा कॅस्टर कोन घटतो. शिवाय त्याला आडवा जागेवर धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो.

‘अलाइनमेंट करून घेतलंय की,’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्यात फक्त टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) जुळतो. कॅस्टर बदलायची कंपनीकडून सोयच नसते. त्यासाठी ऑफसेट बुश किंवा सुधारित आर्म्स आणि कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो. खर्च वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. पण तो खर्च लिफ्टचाच भाग आहे. तरीही अति उंचीवर इलाज नाही: कॅस्टर परत आणताना पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते, हेही किट विकत घेण्याआधी वाचावे.