ताटाखालचे पान

आमच्या घरात जेवणाचे टेबल येऊन सोळा वर्षे झाली. पण जेवायची वेळ झाली की स्वयंपाकघरातून हाक जाते ती अजूनही ‘पाने घ्या!’ अशीच. खरे केळीचे पान या घरात येते ते गणपतीत आणि एखाद्या श्राद्धाला. एरवी सगळा स्टीलचा कारभार. तरीही ताट मांडले की ते ‘पान’, पाहुणा आला की ‘एक पान वाढवा’, आणि माणसे मोजायची तर ‘किती पाने?’ मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला याची मोठी गंमत वाटते. वस्तू निघून जाते आणि शब्द मात्र जुन्या भाडेकरूसारखा जागा अडवून बसतो.

या शब्दाने गेल्या वर्षी मला चांगलेच कामाला लावले. ती हकीकत दिवाळीच्या निमित्ताने सांगते.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तीन वर्षांपूर्वी कोकणातले घर बंद करून भाईंदरला आमच्याकडे राहायला आल्या. सारा जन्म पाटावर बसून जेवलेल्या. सणावारी पानाभोवती रांगोळी, समोर उदबत्ती, डावीकडे मीठ आणि लिंबू. आता गुडघे वाकेनात, म्हणून पाट माळ्यावर गेला. टेबल होतेच. त्यावर यांनी हौसेने जाड काच बसवून घेतलेली. पहिले काही दिवस आई टेबलाशी बसल्या. मग एके दिवशी म्हणाल्या, “तुम्ही जेवून घ्या. मी मागाहून बसते.” पुढे तोच परिपाठ झाला. आम्ही बाहेर जेवत असू आणि त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, ताट मांडीवर धरून.

आम्ही त्याचा अर्थ आमच्या सोयीने लावला. “आईला टेबलावर जेवणं म्हणजे कचेरीत जेवल्यासारखं वाटतं,” असे हे म्हणाले. मी मनाशी म्हटले, सोवळ्याची जुनी सवय असेल. जवळजवळ दीड वर्ष गेले. अखेर कन्येने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, “आई, तुझ्या लक्षात कसं येत नाही? आजीचा हात थरथरतो. काचेवर ताट सरकतं, वाटी वाजते. मामाच्या मंडळींसमोर आमटी सांडली होती ना, तेव्हापासून ती टेबलाशी बसत नाही.”

वर्गात मी एकेका ओळीतला दडलेला अर्थ तास तास उलगडून दाखवते. घरातल्या माणसाची एक साधी ओळ मला दीड वर्ष वाचता आली नव्हती!

बाजारातून प्लॅस्टिकच्या रंगीत चटया आणून पाहिल्या. त्या काचेवर ताटाहूनही वेगाने पळत, आणि गरम पातेले टेकले की वास सोडत. तेव्हा ठरवले की ताटाखालची आसने आपणच शिवायची. लग्नातले शिवणाचे यंत्र कोपऱ्यात होते. त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग कित्येक वर्षांत कुणी केला नव्हता. एका इंग्रजी पुस्तकात माप मिळाले : लांबी 18 इंच, रुंदी 12 इंच. घरात पडद्याचे तकतकीत साटीन उरले होते. म्हटले, दिसेल छान.

दिसले छानच. पण ते माप काटे-चमच्यांनी जेवणाऱ्यांच्या बशीचे. आमचे ताट 13 इंचांचे. ते आसनाच्या कडेबाहेर डोकावू लागले. साटीन काचेवर घसरे आणि साटीनवर ताट घसरे, म्हणजे पूर्वी एक घसरगुंडी होती त्या आता दोन झाल्या. टिपा अशा आवळल्या गेल्या की कापडाच्या साऱ्या कडा द्रोणासारख्या वर आल्या. चिरंजीवांनी विचारले, “यात आमटीच वाढायची का?”

माझी ही फजिती वर्गात कशी पोचली कोण जाणे, पण एक विद्यार्थिनी तास संपल्यावर म्हणाली, “बाई, माझी आई शिवण करते. चौकला या ना.”

चौक हे आमच्या मीरा-भाईंदरचेच एक टोक. भाईंदर पश्चिमेहून बसने निघावे, मुर्धा, राई, डोंगरी अशी गावे मागे टाकावीत, आणि इमारतींची गर्दी संपून समुद्राचा वास येऊ लागला की समजावे, जवळ आलो. कोळ्यांची वस्ती, खाडीत होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. इथेच धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. ही धारावी मुंबईतली नव्हे, बरे का! खाडीपलीकडे वसई. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली. या धारावीसाठीही त्या मोहिमेत झुंज झाली होती.

मुलीचे वडील ओट्यावर बसून जाळे दुरुस्त करीत होते. चपट्या सुईत भरलेला दोरा या घरातून त्या घरात जात होता. मी पाहत उभी राहिले, तशी ते म्हणाले की गाठ शेजारच्या गाठींइतकीच आवळायची; जास्त ओढली तर एक भोक बुजते आणि शेजारचे मोठे होते. आतून मावशी हसून म्हणाल्या, “बाय, तुझ्या शिवणीचंही तेच झालंय.” माझे साटीनचे आसन त्यांनी दोन बोटांत धरले होते.

मग त्यांनी मला रीतसर शिकवले. पहिला धडा असा की माप पुस्तकातून घ्यायचे नाही. आपले ताट, बाजूला फुलपात्र, असे टेबलावर मांडायचे आणि त्याभोवती बोटभर जागा सोडून मोजायचे. आमचे माप आले 18 इंच लांब, 14 इंच रुंद. शिवणीसाठी चारी बाजूंना अर्धा इंच धरून तुकडा 19 बाय 15 चा कापायचा. कापडाचा पन्हा 44 इंची असेल तर सव्वा मीटरात सहा तुकडे बसतात. वरच्या बाजूला तेवढे आणि खालच्या बाजूला तेवढे, असे अडीच मीटर कापड सहा जणांना पुरते. कडेला जी पट्टी उरते तिची तवा उचलायची फडकी होतात.

कापड सुतीच हवे. वरचे कापड घट्ट विणीचे. खालचे हातमागाच्या टॉवेलासारखे जाड आणि खरबरीत, म्हणजे ते टेबलाला धरून राहते. आतल्या थराला जुनी मऊ फ्लॅनेलची चादर उत्तम. सगळे कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करायचे. नाहीतर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही, आणि आसनाला सुरकुत्या पडतात. रंग फिका घेऊ नये, कारण आपल्या जेवणात हळद आहे. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नये. धुऊन कडक उन्हात टाकावे, ऊन तो रंग उडवते.

शिवताना तळाशी आतला थर, त्यावर वरचे कापड सुलट, आणि त्यावर खालचे कापड उलटे, म्हणजे दोन्ही सुलट बाजू एकमेकींकडे तोंड करून. टाचण्या लावून चारी बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप मारायची, फक्त एका लांब बाजूला चार बोटे जागा मोकळी सोडायची. कोपऱ्यांचे जादा कापड तिरके छाटायचे, टिपेला मात्र कात्री लागू द्यायची नाही. मग त्या मोकळ्या जागेतून सगळे उलटवून घ्यायचे. कोपरे बाहेर काढायला कात्रीचे टोक नको, कापड फाटते. विणायच्या सुईचे बोथट टोक बरे. इस्त्री फिरवून कडेने पुन्हा एक टीप घातली की मोकळी जागाही मिटते. शेवटी मधून सुरुवात करून दोन-दोन इंचांवर उभ्या टिपा घालायच्या, म्हणजे आतला थर धुण्यात गोळा होत नाही. यंत्राला 16 नंबरची सुई, टाका जरा लांब, आणि दोरा सैल. यंत्र नसेल त्यांनी गोधडीचा धावदोरा घालावा. हे आसन म्हणजे गोधडीचीच धाकटी बहीण.

मावशींनी इस्त्री मागितली तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी त्यांना सांगितले की ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘फीत’ही त्यांचीच आणि गुंडीचे ‘काज’ही. ‘सुई’ मात्र संस्कृतातली. मावशी म्हणाल्या, “म्हणजे किल्ला घेतला आणि इस्त्री ठेवून घेतली!” इतका नेमका इतिहास मला वर्गात कधी सांगता आला नाही. शिकवण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीच्या करंज्या पाठव, म्हणाल्या. नाताळात त्यांच्याकडच्या करंज्या आमच्याकडे येतील.

घरी येऊन सहा आसने शिवली. गडद तांबडे कापड, खाली जाडेभरडे हातमागाचे. काच फारच गुळगुळीत, म्हणून प्रत्येकाच्या खाली स्वयंपाकघरातल्या खणात घालतात ती रबरी जाळी थोडी लहान कापून ठेवली. पहिल्याच आसनाची मधली टीप वाकडी गेली. उसवायला घेतले तर आई म्हणाल्या, “राहू दे. कापड दुखावतं.”

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नाने झाली. कन्येने सहा आसने मांडली. माणसे पाच. सहावे कुणी आलेच तर म्हणून. प्रत्येक आसनाच्या वरच्या कोपऱ्याशी तिने काचेवर चिमूटभर रांगोळीचे ठिपके काढले. आईंना कुणी आग्रह केला नाही. त्यांचा हात, त्यांचे ताट याविषयी एक शब्द बोलायचा नाही असे मुलांनी आधीच ठरवले होते. मी फक्त स्वयंपाकघरातून हाक दिली, “पाने घ्या!”

आई दारात उभ्या राहिल्या. टेबलाकडे पाहिले, वाकडी टीप असलेले आसन शोधले आणि त्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. चकली मोडताना हात थरथरलाच. पण ताट हलले नाही आणि वाटी वाजली नाही. थोड्या वेळाने त्या यांना म्हणाल्या, “चिवड्यात मीठ कमी आहे रे.” दीड वर्षानंतर टेबलावर ऐकू आलेली ती पहिली तक्रार. माझ्या चिवड्याला इतकी गोड दाद कधी मिळाली नव्हती.

आता वर्ष झाले. आसनांचा तांबडा रंग थोडा उतरला आहे, एकावर लोणच्याच्या तेलाचा डाग कायमचा बसला आहे. यंदा नवी शिवावीत असे मनात आहे. परवा तसे बोलून दाखवले, तर आई म्हणाल्या, “शीव. पण माझं ते राहू दे. त्या वाकड्या टिपेवर वाटी ठेवली की मला न बघता सापडते.”

तेव्हा यंदा पाचच शिवणार आहे.